पाणीटंचाईत प्रेशर वॉशर : ३० लिटरांत गाडी कशी धुवायची

प्रश्न थोडक्यात असा. शहर मराठवाड्यातलं, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बोअर आटत आलेला. घरी १५०० वॉटचा प्रेशर वॉशर, म्हणजे दाबाने पाण्याचा फवारा मारणारी मशीन, आणि एक हॅचबॅक गाडी. गाडी दर रविवारी ओलिताच्या रानातून फिरून येते, म्हणून नुसती धूळ नसते, काळ्या मातीचा चिखलही असतो. विकणारा म्हणतो मशीनने पाणी वाचतं, शेजारी म्हणतात नासाडी चाललीय. खरं कोणाचं?

दोघांचंही अर्धं अर्धं. घरगुती मशीनमधून मिनिटाला ५ ते ७ लिटर पाणी जातं. गच्चीवरच्या टाकीचा अर्धा इंची पाइप मिनिटाला १० ते १५ लिटर ओततो आणि साबण लावताना तो कुणी बंद करत नाही. दहा मिनिटांत शंभर-सव्वाशे लिटर गटारात जातात. त्या मानाने मशीन काटकसरीच. पण दोन बादल्या आणि फडकं घेऊन धुणारा माणूस ३० लिटरांच्या पुढे जात नाही, हेही तितकंच खरं. मशीन आणली म्हणून पाणी वाचत नाही, ट्रिगर किती सेकंद दाबला त्यावर वाचतं. आणि मशीनची खरी गरज एकाच जागी लागते : मडगार्डच्या आत आणि गाडीच्या पोटाला चिकटलेल्या काळ्या मातीला. बाकीची गाडी तिच्याशिवायही स्वच्छ होते.

आधी आपली मशीन किती पाणी घेते ते मोजा. डब्यावरचा आकडा कमाल प्रवाहाचा असतो, प्रत्यक्षात नोझलनुसार फरक पडतो. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार भरून त्यातून मशीनला पाणी द्या, ट्रिगर सलग दाबून धरा आणि जार रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघा. ३ मिनिटं २० सेकंद लागली तर प्रवाह मिनिटाला ६ लिटर, म्हणजे १० सेकंदांना १ लिटर. हा हिशोब डोक्यात बसला की हात आपोआप ट्रिगरवरून उठतो.

मिनिटाला ६ लिटर धरून हॅचबॅकचा हिशोब असा बसतो. चिखल भिजवायला ४० सेकंद, ४ लिटर. भिजलेला चिखल उडवायला चार चाकांना प्रत्येकी २० सेकंद, ८ लिटर. टपापासून खाली धूळ उतरवायला ५० सेकंद, ५ लिटर. फोमला, म्हणजे शाम्पूच्या फेसाला, ३० सेकंद, ३ लिटर. फडक्याच्या बादलीत ४ लिटर. शेवटच्या धुण्याला एक मिनिट, ६ लिटर. एकूण ३० लिटर आणि ट्रिगर फक्त ४ मिनिटं २० सेकंद दाबलेला. चिखल नसेल तर १८ लिटरांत काम होतं. मोठ्या एसयूव्हीला दीडपट धरा. याच्या पुढे जायला लागलं, तर पाणी कमी पडत नाहीये, क्रम चुकतोय असं समजा.

नळाच्या तोटीला मशीन थेट जोडू नका. मशीन हा पंपच आहे, नळाला मोटार लावून पाणी ओढण्यासारखंच ते होतं आणि नगरपालिका-महापालिका ते बेकायदेशीर धरतात. शिवाय आपल्याकडे लाइनला दाब नसतोच. अशा लाइनमधून पाणी ओढलं की फुटक्या जोडातून बाजूच्या नालीचं पाणी आत येऊ शकतं, आणि ते तुमच्यासकट गल्लीतल्या सगळ्यांच्या माठात जातं. टंचाईच्या काळात वाहनं धुण्यावर बंदीचा आदेश निघाला असेल तर तो आधी बघा. पिण्याचं पाणी त्यासाठी वापरलं तर दंड होऊ शकतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. तशी वेळ आली की मशीन कपाटात. काचा, दिवे आणि नंबरप्लेट ओल्या फडक्याने पुसा, बाकी गाडी मळकी राहिली तरी चालते.

पाणी कुठलं वापरायचं? आरओचं वाया जाणारं पाणी सगळ्यात आधी सुचतं, आणि ते चांगलंही आहे, पण पहिल्या धुण्यापुरतंच. टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये. ८०० टीडीएसचं ४ लिटर पाणी आत गेलं, १ लिटर ५० टीडीएसचं शुद्ध निघालं, तर उरलेल्या ३ लिटरांत टीडीएस १०५० च्या आसपास जातो, कारण क्षार तेवढेच आणि पाणी कमी. चिखलाला आणि चाकांना ते बिनधास्त वापरा, बोनेटवर शेवटचं पाणी म्हणून नको. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र गाडीला लावूच नका. रोज पाणी उडून जातं, क्षार खाली उरतात, वरून पुन्हा बोअरचं पाणी पडतं. महिनाभरात त्याचं मिठागर होतं. कपडे खंगाळलेलं दुसरं पाणी बादलीने टायरवर ओतायला ठीक, पण मशीनमधून नको, त्यातले दोरे-तंतू जाळीत अडकतात. एसीतून ठिबकणारं पाणी क्षारांच्या दृष्टीने जवळजवळ शुद्ध असतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते फार मिळत नाही, पण दोन-तीन लिटर साठले तरी शेवटच्या पुसण्याला सोन्यासारखे.

टँकरचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर ड्रमच्या तोंडाला जुनं धोतर किंवा सुती साडी दुहेरी बांधून गाळून घ्या आणि रात्रभर निवळू द्या. गढूळ असेल तर तुरटी फिरवा. सकाळी तळाचे चार बोटं पाणी तसंच सोडून वरचं वापरा. पंपाच्या रबरी सिलना बारीक रेती दोन उन्हाळ्यांत खाऊन टाकते, आणि लोक मात्र मशीनच हलकी निघाली म्हणतात.

आता पाणी मशीनपर्यंत कसं पोचवायचं, कारण निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात. ५० लिटरचा निळा ड्रम घ्या, खालच्या बाजूला तोटी बसवा आणि ड्रम दोन-तीन फूट उंच स्टुलावर ठेवा. तोटीचा पाइप शक्यतो पाऊण इंची. मशीन जोडण्याआधी तोच पाइप बादलीत सोडून बघा : १० लिटरची बादली ७५ सेकंदांच्या आत भरली पाहिजे. तेवढा प्रवाह नसेल तर मशीन मागते ६ लिटर आणि मिळतात ४, पंपात पोकळी तयार होते, आवाज खरखरीत होतो, फवारा धडधडत येतो आणि व्हॉल्व्ह झिजतात. पाणी वाचवायच्या नादात तोटी अर्धीच उघडणारे याच रांगेतले. त्याने पाणी वाचत नाही, पंप जातो.

मशीन ‘सेल्फ प्रायमिंग’ असेल तर बादलीतूनही पाणी ओढते. पण ओढणारा पाइप ३ मीटरपेक्षा लांब नको, तो कडक भिंतीचा हवा, नाहीतर ओढीने चपटा होतो. मशीन आणि पाण्याची पातळी यांत अर्ध्या मीटरपेक्षा जास्त उंची ठेवू नका. पाइप आधी पाण्याने पूर्ण भरा, मग जोडा. नोझल काढून गन उघडी ठेवा, मशीन चालू करा, बुडबुडे जाऊन सलग धार आली की बंद करून नोझल लावा. यात अर्धा लिटर जातो. तो बादलीत धरा.

मराठवाड्यातली खास अडचण म्हणजे गरम पाणी. बहुतेक घरगुती मशीनना आत येणारं पाणी ४० अंशांपर्यंतच चालतं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी त्याच्या वर सहज जातं, आणि पंपातले रबरी सिल मऊ पडून गळायला लागतात. आदल्या संध्याकाळी ड्रम सावलीत भरून ठेवा आणि सकाळी आठच्या आत गाडी धुऊन मोकळे व्हा. त्या वेळी पत्राही थंड असतो, हा दुसरा फायदा.

विजेचंही बघून घ्या. १५०० वॉटची मशीन साडेसहा अँपिअर घेते, म्हणून १६ अँपिअरचाच पॉइंट. एक्स्टेन्शन १० मीटरपर्यंत असेल तर १.५ चौरस मिलिमीटरची तार, त्यापुढे २.५ ची; गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडा, नाहीतर ती आतल्या आत तापते. व्होल्टेज २०० च्या खाली असेल तर त्या दिवशी मशीन लावू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग नसलेल्या घरात, ओल्या जमिनीवर, ही मशीन चालवणं जिवावरचं आहे. पायात रबरी चप्पल किंवा बूट हवेतच.

आता धुण्याकडे. काळी माती म्हणजे फुगणारी चिकणमाती. कोरडी असताना दगड, ओली असताना डिंक. सुक्या ढेकळावर १०० बार दाबाचा फवारा मारत बसलात तर वरची साय तेवढी उडते आणि आतला गाभा तसाच. तिला वेळ लागतो, पाणी नाही. म्हणून आधी खराट्याच्या काडीने किंवा बांबूच्या कामटीने मडगार्डमधली मोठी ढेकळं कोरडीच पाडा. लोखंडी सळई नको, आतलं कोटिंग सोलतं. ती माती वेचून कुंडीत टाका, नालीत नको. मग प्रत्येक चाकाच्या कमानीत १० सेकंद फवारा, आणि मशीन बंद. सात-आठ मिनिटं थांबा. माती पाणी पिऊन फुगते, पत्र्यावरची पकड सुटते, आणि नंतरच्या २० सेकंदांत लगदा खाली येतो. घाई करणारा याच जागी ५० लिटर घालवतो.

चाकं आणि कमानी आधी, टप नंतर. उलटं केलंत तर चाकाचा चिखल उडून धुतलेल्या दारांवर बसतो. चाकांना २५ अंशांत धार पसरवणारं नोझल, बहुतेक संचांत हिरव्या रंगाचं. पत्र्यावर ४० अंशांचं पांढरं. लाल, म्हणजे शून्य अंशाचं, आणि गोल फिरणारं टर्बो नोझल गाडीला लावूच नका. रंगापासून अंतर किमान ३० सेंटिमीटर, आणि धार तिरपी ठेवा, म्हणजे घाण पुढे ढकलली जाते. काटकोनात मारली की माती रंगावरच घासली जाते. दगड लागून रंग उडालेल्या जागी, स्टिकरच्या कडेला, पुन्हा रंगवलेल्या बंपरवर आणखी लांब राहा. एकदा पापुद्रा उचलला गेला की धार त्याखाली शिरते आणि तळहाताएवढा रंग घेऊन जाते. टायरच्या बाजूच्या भिंतीवर जवळून मारू नका. आतले धागे कमजोर होतात, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि हायवेवर टायर फुटल्यावर कारण कुणाला सुचत नाही.

समोरच्या जाळीमागे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर असतो. त्याच्या पातळ पात्या जवळच्या धारेने वाकतात, हवा कमी जाते, आणि भर उन्हात एसी थंड करत नाही म्हणून गॅस भरायला पळापळ होते. सोयाबीनच्या काढणीनंतर तिथे भुसा साचतो. तो मऊ ब्रशने कोरडाच काढा. पार्किंग सेन्सर, मागचा कॅमेरा, दारांची रबरं, अँटेनाचा तळ यांच्यावर धार थांबवू नका. बोनेट उघडून इंजिनवर तर मशीन नकोच : फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, वायरिंगचे जोड, सगळं तिथेच आहे. लांबून आल्या आल्या चाकांवर गार पाणी मारू नका, तापलेल्या डिस्क वाकतात. अर्धा तास जाऊ द्या. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती मातीने बुजली की दार आतून गंजतं. काडीने मोकळी करा, ते काम धारेचं नाही.

फोमबद्दल स्पष्ट सांगायचं तर टंचाईत तो बराचसा हौसेचा भाग आहे. पाणी जड असेल तर फेस कमी होतो, लोक शाम्पू वाढवतात, आणि तो वाढलेला शाम्पू काढायला पुन्हा पाणी लागतं. करायचाच असेल तर फोमच्या बाटलीत ३०० मिली आरओचं शुद्ध पाणी आणि २०-३० मिली गाडीचा शाम्पू एवढंच, थर पातळ, आणि वाळायच्या आत फडकं. कपड्याची पावडर किंवा भांड्याचं लिक्विड नको. नाही केला तर ३ लिटर वाचले.

फडकं मारताना बादली एकच, पण फडकी चार. पहिल्याने टप, काचा, बोनेट. दुसऱ्याने दारांचा वरचा भाग. तिसऱ्याने खालचा भाग आणि बंपर. चौथं फक्त चाकांचं. वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवायचं नाही. तेच एक फडकं गाडीभर फिरवल्याने जे गोल गोल ओरखडे उन्हात दिसतात, त्याला लोक मशीनला जबाबदार धरतात.

शेवटचं पाणी आणि पांढरे डाग. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची अपेक्षित मर्यादा ५०० आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. १००० टीडीएसचं अर्धा लिटर पाणी पत्र्यावर वाळलं की अर्धा ग्रॅम क्षार रंगावर उरतो, तोही थेंबाथेंबाच्या कडेला. म्हणून वाळू द्यायचंच नाही. एक बाजू धुतली की लगेच जाड मायक्रोफायबरने टिपून घ्या, मग दुसरी बाजू. एसीचं किंवा आरओचं शुद्ध २ लिटर पाणी हातपंपाच्या स्प्रे बाटलीत भरून बोनेट आणि काचांवर शेवटचा हात मारलात तर डाग पडत नाहीत. जुने डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, गार पत्र्यावर, फडक्याने एक-दोन मिनिटं ठेवून धुऊन टाका. फरशीचं ॲसिड अलॉय चाकांवर वापरणारे सापडतात. डाग जातो, चाकाची चमकही कायमची जाते.

गाडी सिमेंटवर धुण्यापेक्षा कडुलिंबाखाली मुरमाड जागेवर धुतली तर पाणी झाडाला जातं. ताडपत्री अंथरून कडा विटांनी उचलल्या तर पहिल्या धुण्याचं आठ-दहा लिटर पाणी परत हाती लागतं. ते ड्रममध्ये निवळवून पुढच्या वेळी बादलीने चाकांवर; मशीनमधून नाही.

शेतकऱ्यांच्या घरी एचटीपी पंप, म्हणजे फवारणीचा जास्त दाबाचा पंप, असतो आणि गाडी-ट्रॅक्टर त्यानेच धुतले जातात. दाब भरपूर, पण पाणी मिनिटाला १५-२० लिटर किंवा त्याहून जास्त. चिखलाने भरलेल्या ट्रॅक्टरला ठीक, कारला उधळपट्टी. त्यापेक्षा १६ लिटरचा पाठीवरचा बॅटरी पंप बरा : दाब कमी, पण पंखा नोझल लावून धूळ आणि शाम्पू ५-६ लिटरांत उतरतो. पंप मात्र वेगळा ठेवा. तणनाशक मारलेल्या पंपाने गाडी धुतलेलं पाणी झाडापाशी गेलं, आणि ते तणनाशक टू-फोर-डी असेल, तर शेजारची कपाशी पानं आकसून दाखवून देईल.

नुसत्या धुळीच्या आठवड्यात मशीन काढूच नका. ‘रिन्सलेस’ शाम्पू, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, ४-५ लिटर पाण्यात. आठ फडकी त्यात भिजवून, प्रत्येकाची चौघडी घालून, एका घडीने एकच पट्टा एकाच दिशेने पुसा आणि लगेच कोरडं फडकं फिरवा. पुन्हा धुवायचं नसतं. पण मातीचे कण बोटाला लागत असतील तर हे चालत नाही, रंग किसला जातो.

मशीन बिघडल्यासारखी वाटली तर आधी हे बघा. दाब कमी-जास्त होतोय : आत येणाऱ्या पाण्याची जाळी काढून धुवा, मग जोडातली रबरी रिंग बघा, हवा तिथूनच शिरते. धार फाटतेय : नोझलमध्ये रेतीचा कण आहे, सुईने उलट्या बाजूने काढा. ट्रिगर सोडलेला असूनही मशीन मधेच सुरू-बंद होते : कुठेतरी गळती आहे, गनपासून पंपापर्यंत एकेक जोड तपासा. मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही : व्होल्टेज किंवा कपॅसिटर, लगेच बंद करा, मिनिटभर ताटकळली तर वाइंडिंग जळतं.

काम झाल्यावर वीज बंद, मग पाणी बंद, मग ट्रिगर दाबून उरलेला दाब काढा. बोअरचं पाणी वापरलं असेल तर शेवटी एखादा लिटर आरओचं शुद्ध पाणी पंपातून काढा, नाहीतर क्षार व्हॉल्व्हच्या बैठकीवर जमून तो नीट बसत नाही. टंचाईत दोन-तीन महिने मशीन पडून राहिली तर सिल चिकटतात. महिन्यातून एकदा ड्रमला जोडून अर्धा मिनिट चालवा आणि ते ३ लिटर कुंड्यांना द्या.